आमच्याकडे तर चालतंय!

मोजमापांचा डेटा दाबून साठवणारी एक छोटी लायब्ररी आम्ही काही जण पुण्यात बसून बरीच वर्षं सांभाळतो आहोत. वीजमीटर, शीतगृहातले तापमानाचे सेन्सर, बॉयलरवरची दाबमापकं यांच्याकडून सतत येणारे आकडे कमी जागेत बसवायचे आणि लागतील तेव्हा झटकन बाहेर काढायचे, एवढंच तिचं काम. सी आणि सी++ मध्ये लिहिलेली. जन्म एक्स८६ वर, म्हणजे इंटेलच्या घराण्यात, आणि बालपणही तिथंच गेलं. मग वापरणारे वाढले. कुणाच्या शेडमध्ये आर्मचा डबा होता, कुणाच्या बँकेत आयबीएमचा मेनफ्रेम, तर कुणाला क्लाउडवर ग्रॅव्हिटॉन स्वस्त पडतो म्हणून तिकडे जायचं होतं. ‘पुन्हा कंपाइल करायचं, त्यात काय?’ असं मी तेव्हा मीटिंगमध्ये म्हणालो होतो. खालचे मुद्दे म्हणजे त्या ‘त्यात काय’चा हिशेब.

१. तुटलेला सेन्सर कोणता आकडा दाखवतो, हे सेन्सरवर ठरत नाही, प्रोसेसरवर ठरतं. वायर तुटली की आमच्या गणितात ‘नॅन’ येतो, म्हणजे ‘ही संख्याच नाही’ अशी खूण. पुढे कुठेतरी त्याचं साध्या पूर्णांकात रूपांतर होतं. एक्स८६ वर त्याचं उत्तर येतं उणे २,१४,७४,८३,६४८. आर्मवर येतं शून्य. रिस्क-फाइव्हच्या बोर्डावर येतं अधिक २,१४,७४,८३,६४७. तिघंही आपापल्या नियमाने बरोबर, कारण सी भाषेच्या प्रमाणग्रंथाने इथे हात झटकलेले आहेत. पूर्णांकाला शून्याने भागा, तीच गत. एक्स८६ वर प्रोग्राम जागच्या जागी मरतो, ६४ बिटी आर्म शांतपणे शून्य देतो, रिस्क-फाइव्ह उणे एक देतो.

गंमत अशी, की एक्स८६ चा तो अचाट ऋण आकडा आमच्या कोडमध्ये ‘सेन्सर बिघडला’ची निशाणी म्हणून कुणीतरी वापरलेला होता. तो दिसला की अलार्म. आर्मच्या डब्यावर अलार्म कधी वाजलाच नाही. शीतगृहाच्या अहवालात शून्य अंश सेल्सिअस अशी नोंद रात्रभर येत राहिली आणि शीतगृहात शून्य अंश दिसलं तर कोण कशाला दचकेल? जावाने हा घोळ भाषेतच मिटवून टाकला आहे, तिथे नॅनचं शून्य होतं, मग यंत्र कुठलंही असो. एक्स८६ वर त्यासाठी जावाला जादा तपासणी करावी लागते. आम्ही सीवाले वेगाच्या नावाखाली जावाला हसायचो. ते हसणं त्या प्रकरणानंतर जरा कमी झालं.

२. ‘आर्मवर तपासलं’ या वाक्याला फारसा अर्थ नसतो. सी मधला ‘कॅर’ हा प्रकार (आमच्या टीममधला अर्धा गट त्याला ‘चार’ म्हणतो, तो वाद वेगळा) ऋण आकडे धरतो की नाही, हे भाषेने ठरवलेलं नाही. एक्स८६ च्या लिनक्सवर धरतो, आर्मच्या लिनक्सवर धरत नाही. आता आमच्या कोडमध्ये एक ओळ होती: बाइट शून्यापेक्षा लहान असेल, तर समजा की अक्षर इंग्रजी नाही. ‘सातारा फीडर’ असं लेबल देवनागरीत लिहिलं, की यूटीएफ-८ मध्ये ‘स’चे तीन बाइट होतात आणि त्यातला पहिला असतो २२४. एक्स८६ त्याला उणे ३२ म्हणून वाचतो, म्हणजे ओळ बरोबर काम करते. आर्मचं लिनक्स त्याला २२४ च म्हणतं, जे खरं तर जास्त प्रामाणिक आहे, पण मग ती अट कधीच खरी होत नाही. देवनागरी लेबल इंग्रजीच्या वाटेला लागायचं, रकान्याच्या रुंदीला बाइट मोजून कापलं जायचं आणि अर्ध्या अक्षरावर सुरी चालली की शेवटी काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह.

इंग्रजी लेबलं वापरणाऱ्या कुणालाही हा त्रास झाला नाही. ज्यांनी आपल्या भाषेत नावं दिली, त्यांनाच झाला, हे मला जास्त लागलं. वर टीममधला एक जण त्याचा ॲपलचा लॅपटॉप घेऊन आला, “अरे, माझाही आर्मच आहे, हे बघ, चालतंय!” आणि खरंच चालत होतं. ॲपलने आपल्या आर्मवर ‘कॅर’ ऋण धरणाराच ठेवला आहे. प्रोसेसर एका घराण्यातला, पण वर बसलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमचे रिवाज वेगळे. तेव्हापासून ‘आर्मवर तपासलं’ म्हटलं की मी विचारतो, “कुठल्या?” कंपायलरने मात्र आधीच सांगितलं होतं, की ही तुलना कधीच खरी ठरणार नाही. इशाऱ्यांच्या ढिगात ती ओळ कुणी वाचली नव्हती.

३. शून्य आणि उणे एक हे टेस्ट लिहिणाऱ्याचे लाडके आकडे, आणि नेमके तेच फितूर. मेनफ्रेमच्या लिनक्सवर संख्येचा मोठा बाइट आधी ठेवतात, एक्स८६ वर लहान बाइट आधी. बाइट उलटे वाचले तरी शून्य शून्यच राहतं आणि उणे एक उणे एकच. त्यामुळे आमच्या टेस्ट दोन्हीकडे हिरव्यागार. मग खरी फाइल आली, तिच्या मथळ्यात लिहिलं होतं ‘खंड: १’. मेनफ्रेमने वाचलं १,६७,७७,२१६ आणि लायब्ररी तितक्या खंडांसाठी मेमरी मागायला निघाली.

जुन्याजाणत्या लोकांनी हे फार आधी सोडवलेलं आहे. एसक्यूलाइटची फाइल कुठेही तयार झाली तरी तिच्या मथळ्यातल्या संख्या मोठ्या बाइटपासूनच लिहिलेल्या असतात, पीएनजीचंही तसंच. टिफने दोन्ही पक्ष सांभाळले: फाइलची पहिली दोन अक्षरं बघून वाचणाऱ्याने क्रम ओळखायचा. आम्ही लहान बाइट आधी हा क्रम पक्का केला आणि संख्या एकेक बाइट उचलून, सरकवून, जोडून वाचायला लागलो. हे फार संथ होईल अशी माझी खात्री होती. कंपायलरने बाहेर काढलेली असेंब्ली उघडली, तर त्या चार ओळींची एक्स८६ वर एकच सूचना झालेली, आणि मेनफ्रेमवरही एकच, उलटं वाचणारी. माझा अर्धा तास वाद घालण्यात गेला होता, तो फुकट.

४. आपल्या आकाराच्या पटीतल्या पत्त्यावर नसलेली संख्या एक्स८६ विनातक्रार उचलतो. स्पार्क प्रोसेसरवर तेच केलं की प्रोग्राम बस-एररने पडतो, काही जुन्या आर्म चिपा बाइट फिरवून भलतीच संख्या हातात देतात. मात्र एक्स८६ च्या चांगुलपणावरही विसंबू नये, कारण कंपायलरने त्याच ओळींचं सिम्डमध्ये, म्हणजे एका दमात अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचनांमध्ये, रूपांतर केलं आणि पटीतलाच पत्ता मागणारी सूचना वापरली, की तोही पडतो. पॉइंटर दामटून वापरण्याऐवजी मेमकॉपी वापरावं. तिचीही शेवटी एकच सूचना होते.

५. आपण ज्या क्रमाने लिहिलं त्या क्रमाने घडतं, यावर माझा इतका विश्वास होता, की तो विश्वास आहे हेही मला माहीत नव्हतं. बाकी सगळे मुद्दे मी जेवताना सांगू शकतो. या एकासाठी अजून कागद-पेन लागतं.

आमच्याकडे एक धागा (थ्रेड) नोंदी बफरमध्ये टाकतो, दुसरा उचलतो. टाकणारा दोन गोष्टी करतो: आधी ‘बफरमध्ये नोंद लिही’, मग ‘तयार = १’. उचलणारा ‘तयार’ एक झालेला दिसला, की नोंद वाचतो. एक्स८६ वर एका कोअरने केलेलं लिखाण दुसऱ्या कोअरना त्याच क्रमाने दिसतं, ही त्या घराण्याची हमी आहे. आर्मची आणि पॉवर प्रोसेसरची तशी हमी नाही. तिथे ‘तयार’ आधी दिसू शकतं आणि नोंद नंतर, म्हणजे दुकानात माल भरायच्या आधीच ‘उघडं आहे’ची पाटी लागावी तसं. दोन्ही चलांना ‘व्होलाटाइल’ लावलेलं होतं, त्यामुळे कंपायलर बिचारा ओळी हलवत नव्हता. हलवत होता प्रोसेसर.

लक्षण काय, तर आर्मच्या सर्व्हरवर, तेही भर लोडमध्ये, लाखो नोंदींमागे एखादी शिळी नोंद. मधे छपाईची एक ओळ टाकली की दोष गायब. लॅपटॉपवर क्यूएमू वापरून आर्मचा भास उभा केला, तर दोष दिसेचना, कारण भास आर्मचा असला तरी खाली पळणारा प्रोसेसर एक्स८६ च होता आणि तो आपला क्रम पाळत होता. आणखी एक चकवा ॲपलच्या एम१ वर. इंटेलसाठी बांधलेली जुनी आवृत्ती तिथे रोझेटा २ मधून चालवली तर निर्दोष, आर्मसाठी नव्याने बांधली तर सदोष. आम्ही नव्या बिल्डवर संशय घेत बसलो. नंतर कळलं, की एम१ मध्ये एक्स८६ चा क्रम पाळायची खास सोय चिपमध्येच ठेवलेली आहे आणि रोझेटा ती वापरतो. म्हणजे ॲपलच्या लोकांना जगभरच्या आमच्यासारख्यांचा कोड कसा असणार, याचा पुरेपूर अंदाज होता!

शेवटी प्रकाश पडला तो ‘हर्ड’ नावाच्या साधनाने. चार ओळींची छोटी चाचणी त्याला द्यायची आणि कुठल्या प्रोसेसरच्या नियमांनी बघायचं ते सांगायचं. कोणकोणते निकाल संभवतात, त्यांची यादी ते काढून देतं. ‘तयार एक, नोंद जुनी’ हा निकाल एक्स८६ च्या यादीत नाही, आर्मच्या यादीत आहे. मी ती ओळ बराच वेळ बघत बसलो. सेकंदाला अब्जावधी सूचना पळवणारं यंत्र आम्ही दिवसेंदिवस झोडपत होतो आणि उत्तर ज्याने दिलं, त्याला त्या यंत्राची गरजही नव्हती.

दुरुस्ती मात्र लाजिरवाणी लहान. सी++ ने २०११ साली ॲटॉमिक प्रकार दिले. लिहिताना ‘रिलीज’, वाचताना ‘अक्वायर’ म्हणायचं. आर्मवर त्याच्या खास सूचना निघतात. एक्स८६ वर निघते तीच जुनी साधी सूचना, म्हणजे तिथे या शिस्तीची किंमत शून्य. इतकी वर्षं ती पाळायला काय हरकत होती, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

६. दशांशचिन्हानंतरचा शेवटचा आकडा जुळला पाहिजे हा हट्ट मी सोडला. गुणाकार करून बेरीज करायची, तर काही प्रोसेसर ते एकाच सूचनेत करतात आणि मधलं राउंडिंग वगळतात. ६४ बिटी आर्मवर जीसीसी ही सूचना न विचारता वापरतो. एक्स८६ वर साधा बिल्ड असेल तर वापरत नाही, कारण तिथली ही सोय नंतर आली आणि मूळ संचात नाही. त्यामुळे दोन यंत्रांचे सरासरीचे आकडे शेवटच्या स्थानी फरकाने येतात, आणि आमची बाइट-न्-बाइट जुळवणारी टेस्ट लाल.

बरं, चूक कोणाची म्हणावी? एक राउंडिंग वाचवणारं उत्तर बहुतेक वेळा खऱ्याच्या जास्त जवळ असतं. पण ‘अ वर्ग वजा ब वर्ग’ घ्या, आणि अ व ब सारखेच असू देत. दोन्हीकडे राउंडिंग सारखं झालं तर उत्तर चोख शून्य. एकाच वर्गाचं राउंडिंग झालं, तर उरते त्याची किंचितशी चूक, आणि ती ऋणही असू शकते. तिचं वर्गमूळ काढायला गेलात की नॅन. म्हणजे जास्त अचूक यंत्रावर, एकसारखे आकडे देणाऱ्या निरोगी मीटरचं प्रमाण विचलन ‘ही संख्याच नाही’ असं आलं. (आणि नॅन पूर्णांकात गेला की काय होतं, ते पहिल्या मुद्द्यात सांगितलंच आहे.) एका फायलीपुरता आम्ही कंपायलरचा हा स्वभाव बंद केला, बाकीच्या टेस्टमध्ये किती फरक चालेल ते लिहून ठेवलं. ‘किती चालेल’ हे ठरवताना पहिल्यांदाच आम्ही मीटरवाल्यांना विचारलं, की तुमचं उपकरण मुळात किती अचूक आहे? उत्तर ऐकून आमची पंधरावी दशांश जागा ओशाळली.

७. सगळ्यात जास्त अभिमान ज्या कोडचा होता, तोच सगळ्यात आधी टाकून द्यावा लागला. एक्स८६ च्या एव्हीएक्स२ मध्ये मी हाताने लिहिलेलं एक फंक्शन होतं: एका दमात ३२ बाइट तपासायचे आणि कुठला बाइट जुळला त्याची, बाइटमागे एक बिट अशी, यादी एका सूचनेत काढायची. आर्मच्या निऑनमध्ये एका दमात १६ बाइट आणि ती यादी काढणारी सूचनाच नाही. तिची नक्कल करायला चार-पाच सूचना लागायच्या, आणि तेवढ्यात सगळा फायदा वाहून जायचा. सूचनेला सूचना शोधत बसलो, हाच मुळात घोळ होता. निऑनमध्ये काय सोपं आहे ते बघून कृती पहिल्यापासून मांडली तेव्हा ती छान पळाली. पुढे आर्मचं एसव्हीई आणि रिस्क-फाइव्हचे व्हेक्टर आले, तिथे रजिस्टरची रुंदी किती हे कोड लिहिताना माहीतच नसतं, पळताना यंत्राला विचारायचं.

आता ‘हायवे’सारख्या तयार लायब्रऱ्या आहेत, त्या यातलं बरंचसं ओझं उचलतात. आणि एक साधी, सिम्ड नसलेली, कुणालाही वाचता येईल अशी आवृत्ती प्रत्येक फंक्शनची ठेवतो. बाकी साऱ्या तिच्याशी ताडून बघायच्या. दोन ठिकाणी तर कंपायलरने त्या साध्या आवृत्तीचंच माझ्यापेक्षा चांगलं सिम्ड केलं, हे टीममधल्या एका मुलीने मोजून मला दाखवलं. “सर, तुमचं काढून टाकू का?” असं तिने फार हळुवारपणे विचारलं होतं.

८. मेमरीचं पान ४ केबीचंच असतं, असं कुणीही कधीही शिकवलं नव्हतं. तरीही ४०९६ हा आकडा कोडमध्ये जागोजागी. ॲपलच्या आर्मवर पान १६ केबीचं, काही आर्म आणि पॉवर सर्व्हरवर ६४ केबीचं, आणि अँड्रॉइड १५ पासून फोनवरही १६ केबीची सोय आली. यंत्राला विचारलं की ते सांगतं. विचारायला एक ओळ लागते.

९. हाताशी यंत्र नसणं ही सबब फार काळ टिकत नाही. क्यूएमू आहे, आणि वर म्हटलं तसं ते धाग्यांच्या दोषांत फसवतं, पण बाइटांचा उलटा क्रम, ‘कॅर’चं चिन्ह, शब्दांचे आकार यासाठी उत्तम. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना जीसीसीच्या कंपाइल फार्मवर खरी यंत्रं मिळतात. आणि सगळ्यात कडक परीक्षक डेबियन लिनक्सचे: त्यांच्या साठ्यात तुमचं पॅकेज गेलं, की त्यांची यंत्रं ते सगळ्या प्रोसेसरांवर आपोआप बांधून बघतात आणि कुठे फुटलं त्याचा लॉग जगजाहीर होतो. ऑगस्ट २०२५ मधल्या डेबियन १३ मध्ये रिस्क-फाइव्ह पहिल्यांदाच अधिकृत यादीत आला. आमचा तिथला पहिला लॉग लाल होता. मेनफ्रेमचा लाल लॉग मला अजूनही सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण तिथे जे तगतं ते बहुधा सगळीकडे तगतं. मेनफ्रेम बघितलेला माणूस आमच्या टीममध्ये एकही नाही.

१०. ‘हे चालतं’ असं लिहिणं सोपं, ‘आता चालवणार नाही’ असं लिहायला मात्र जीव होत नाही. ३२ बिटी आर्म सोडून द्यावं असं टीममध्ये सगळ्यांचं मत होतं. त्यातला खरा काटा वेळेचा. जुन्या ३२ बिटी सिस्टिमवर सेकंद ३२ बिटांत मोजतात आणि ते १९ जानेवारी २०३८ ला भरून वाहतात. डेबियनने आपलं ३२ बिटी आर्म ६४ बिटी वेळेवर नेलं, पण शेडमधल्या डब्यात बसलेली सिस्टिम कोण बदलणार? आमच्या फाइलमध्ये वेळ ६४ बिटी आहे, पण डब्याला ती विचारली की मिळते ३२ बिटी.

आम्ही वापरणाऱ्यांना पत्र पाठवलं. कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यातून, इलेक्ट्रिकल विभागातल्या सुपरवायझरांचं उत्तर आलं, की त्यांचे बॉयलरवरचे सगळे डबे ३२ बिटी आर्मचेच आहेत, डबे बरे चालतात, कृपया बंद करू नये. मग आम्ही मधला मार्ग काढला. ३२ बिटीवर फक्त साधी आवृत्ती, सिम्ड नाही, आणि सूचनापत्रात स्पष्ट लिहिलं, की हे आम्ही फक्त क्यूएमूवर तपासतो. २०३८ च्या तारखेचंही लिहिलं. त्यावर त्यांचा उलट निरोप आला: “साहेब, तोवर बघू. आधी हा गाळप हंगाम पार पडू द्या.”